समर लीग: पोरांमध्ये नेमकं काय बघायचं?

पहाटेचा_प्रेक्षक | १३ जुलै २०२५

मंडळी, शुक्रवारी पहाटे साडेपाचला उठून एनबीएच्या समर लीगमधला डॅलस विरुद्ध लेकर्स बघितला. आवाज बंद, हॉलमधला दिवा बंद. आई चहा ठेवायला उठली आणि म्हणाली, "फायनल आहे का रे कुठली?" ही उन्हाळी स्पर्धा कुणी जिंकली काय न् हरली काय, ऑक्टोबरमध्ये खरा मोसम सुरू होताना सगळ्यांची पाटी कोरीच असते, हे तिला कसं सांगू! तरी मी दरवर्षी जुलैत उठतो.

यंदा उठलो ते कूपर फ्लॅगसाठी. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिला. वय १८. लास वेगासमधल्या त्या पहिल्या सामन्यात त्याने २१ शॉट घेतले, ५ आत गेले. थ्री, म्हणजे तीन गुणांचे लांबचे शॉट, ५ घेतले, एकही पडला नाही. एकूण १० गुण. आमच्या ग्रुपवर सात वाजायच्या आत निकाल लागला: "नुसती हवा आहे पोराची." मग काल स्पर्सविरुद्ध त्याच पोराने ३१ काढले, आणि ज्याने हवा म्हटलं होतं त्यानेच दिग्गज लॅरी बर्डचं नाव घेतलं.

दोन दिवसांत पोरगा बदलला नाही, हे तर उघड आहे. मग आपणच चुकीचं काहीतरी बघतोय का? मला मनापासून जाणून घ्यायचंय. गुणफलक झाकून ठेवला तर तुम्ही समर लीगमध्ये काय बघता? कुठला खेळाडू पुढे टिकेल हे कशावरून ताडता? जुने अनुभव सांगा, चुकलेले अंदाजही सांगा.

डंकेश्वर | १३ जुलै

रुमाल टाकून ठेवतोय. रात्री सविस्तर लिहितो.

आकडेमोडे | १३ जुलै

चांगला धागा. माझं उत्तर सरळ आहे: नेमबाजीची टक्केवारी बघूच नका. २१ पैकी ५ हे वाईट दिसतं, पण आणखी चार बॉल रिंगवर नाचून आत घरंगळले असते तर २१ पैकी ९ झाले असते आणि कुणी हूं की चूं केलं नसतं. इथे क्वार्टर १० मिनिटांचा, सामने प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पाच-सहा. एवढ्यात शॉट पडणं न पडणं हा बराचसा नशिबाचा भाग असतो. रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), ब्लॉक (समोरच्याचा शॉट अडवणं), फ्री थ्रो किती मिळवले, या गोष्टी त्यातल्या त्यात पुढे टिकतात, कारण त्यांत उंची, उडी आणि अंगावर जाण्याची तयारी दिसते.

२०१२ साली वेगासमध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मान दोघांना विभागून मिळाला होता, डेमियन लिलार्ड आणि जॉश सेल्बी. लिलार्ड त्याच मोसमात एकमताने सर्वोत्तम रुकी (पहिल्या मोसमातला खेळाडू) ठरला. सेल्बीची एनबीए कारकीर्द सगळी मिळून ३८ सामन्यांची. मान तोच, मैदान तेच, आठवडा तोच.

अजून एक. वय आणि अनुभव बघा. २०१५ चा काईल अँडरसन, २०१६ चा टायस जोन्स, २०१८ चा जॉश हार्ट, हे सगळे एनबीएचा एक मोसम खेळून मग इथे चमकले. पेपर आधी सोडवलेला मुलगा पुन्हा परीक्षेला बसला तर पहिला येणारच. त्याच्या शेजारी बसलेल्या नव्या पोराला त्यावरून जोखू नका.

नागपाडाकर | १३ जुलै

आकडेमोडे, तुमचं गणित मान्य, पण तुम्ही आम्हाला डोळे मिटायला सांगताय. आकडे बघू नका ठीक, म्हणून रिबाउंडचे आकडे बघा? तेही आकडेच की.

आमच्या नागपाड्याला कोर्टाच्या कडेला म्हातारे खेळाडू बसलेले असायचे. नवा पोरगा आला की एकच वाक्य: "पैर देख, हाथ बाद में." मी अजून तेच करतो. बॉल हातात आल्यावर पहिलं पाऊल कुठे पडतं? समोरचा दिशा बदलतो तेव्हा याची कंबर वेळेवर वळते का? थकल्यावर डिफेन्सला गुडघे वाकलेले राहतात, की उभ्या उभ्या हात पसरतो? हात एका रात्रीत बिघडतात आणि एका रात्रीत सुधारतात. पायांना वर्षं लागतात.

अटलांटाच्या ट्रे यंगबद्दल २०१८ मध्ये मी फार चुकलो होतो. सॉल्ट लेक सिटीतल्या समर लीगमधला त्याचा पहिला सामना, २० पैकी ४, थ्री ११ पैकी १. मी सगळ्यांना सांगत सुटलो की अटलांटा बुडाली. दोन वर्षांत तो ऑल-स्टार सामन्यात सुरुवातीच्या पाचांत होता. त्या दिवशी मी हात बघत बसलो. पाय बघितले असते तर दिसलं असतं, की २० शॉटसाठी त्याला जागा मिळतच होती. जागा तयार करणं हीच तर त्याची कला.

रिमझिम | १३ जुलै

स्टेफ करीचंही हेच. २००९ च्या समर लीगमध्ये त्याचा तीनातला जेमतेम एक शॉट आत जायचा. ज्याला आज सगळ्यात मोठा नेमबाज म्हणतात त्या करीचा!

डंकेश्वर | १३ जुलै

आलो. मी डॅलसजवळच राहतो, त्यामुळे फ्लॅगबद्दल थोडं जास्त बोलणार. आमचा स्टार लुका डॉन्चिचला लेकर्सकडे पाठवल्यापासून इथल्या माणसांनी जे भोगलंय ते भोगलंय. मग ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत १.८ टक्के शक्यता असताना पहिला नंबर लागला आणि हे पोरगं मिळालं. ऑफिसात ज्यांनी टोप्या कपाटात टाकल्या होत्या त्यांनी पुन्हा काढल्या.

पहिला सामना बघताना एक गोष्ट लक्षात घ्या. डॅलसच्या कोचने, जेसन किडने, आधीच सांगितलं होतं की बॉल याच्या हातात देणार, पॉइंट गार्डसारखा (बॉल पुढे आणून चाल रचणारा) खेळवणार. साडेसहा फुटांच्या वर उंची असलेला फॉरवर्ड, त्याला पूर्ण कोर्ट बॉल घेऊन यायला लावलं. बिनभरवशाचे ड्रिबल, घाईत घेतलेले मधल्या अंतरावरचे शॉट, सगळं त्यातून आलं. नवीन सुनेला पहिल्याच दिवशी पन्नास पानांचा स्वयंपाक करायला लावण्यासारखं आहे हे. भाजीत मीठ कमी पडलं तर तिचा हात वाईट ठरत नाही.

आणि शेवट बघितला का? डॅलस मागे होती. त्याने लेकर्सचा शॉट अडवला, स्वतःच बॉल घेऊन धावला आणि पास दिला. रायन नेंबहार्डने थ्री टाकला, ८७-८५. तिथे सामना फिरला. १६ शॉट चुकवलेल्या पोराचे खांदे पडलेले नव्हते. हा आयुष्यातल्या सगळ्यात वाईट सामन्यांपैकी एक, असं तो स्वतः म्हणाला. तरी शेवटच्या मिनिटाला तो डिफेन्सला जागेवर होता. मी तर तेवढंच बघतो.

पहाटेचा_प्रेक्षक | १३ जुलै

डंकेश्वर, तो ब्लॉक मी बघितला, पण ५/२१ च्या नादात विसरून गेलो होतो. पुन्हा लावून बघतो.

मृण्मयी_सॅन_अँटोनियो | १४ जुलै

आमचं घर स्पर्सचं, तेव्हा थोडी बाजू घेईन. २०२३ च्या जुलैत लेकाला घेऊन वेगासला गेले होते, खास वेंबन्यामासाठी, त्या वर्षी ड्राफ्टमध्ये पहिला आलेला उंचच उंच पोरगा. बाहेर अंगाची लाही, गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता, आणि आत थॉमस अँड मॅक सेंटर खचाखच. तो मैदानात आला तेव्हा माझा लेक, तेव्हा ११ वर्षांचा, खुर्चीवर उभा राहिला आणि तरी त्याला मान वर करावी लागली.

मग सामना सुरू झाला आणि १३ पैकी २. गुण ९. माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ तिसऱ्या क्वार्टरलाच फोनमध्ये गेले. पण त्याच सामन्यात ८ रिबाउंड आणि ५ ब्लॉक होते. मी टीव्हीवर कधी न दिसलेली गोष्ट तिथे बघितली. समोरचे खेळाडू बास्केटकडे यायचे, मान वर करून याला शोधायचे आणि बॉल परत बाहेर द्यायचे. त्याच्या नावावर काहीच लागत नव्हतं, पण सगळा खेळ त्याच्याभोवती वाकत होता. दोन दिवसांनी पोर्टलंडविरुद्ध २७ गुण, १२ रिबाउंड. पुढच्या वर्षी एकमताने सर्वोत्तम रुकी.

म्हणून माझं उत्तर: समोरच्या संघाकडे बघा. आपल्या खेळाडूला घाबरून ते काय करायचं टाळतात?

तिथे जाणार असाल तर एक सांगते. मोठ्या मैदानाला लागूनच छोटं कॉक्स पॅव्हिलियन आहे. गर्दी मोठ्याकडे पळते, आम्ही बराच वेळ छोट्यात बसलो. तिथे बुटांची करकर ऐकू येते, कोच काय ओरडतोय ते शब्दन् शब्द कळतं. एक मुलगा बेंचवर बसून पूर्ण वेळ समोरच्या संघाच्या चाली आपल्या सोबत्यांना ओरडून सांगत होता. त्याला स्वतःला मिनिटं मिळाली असतील चार. लेकाने विचारलं, "आई, तो खेळत नाही तर एवढा ओरडतोय का?" मी म्हटलं, नोकरीसाठी.

आकडेमोडे | १४ जुलै

मृण्मयी, प्रतिसाद फार आवडला. "समोरचे काय टाळतात" हे कुठल्याच तक्त्यात येत नाही, मान्य.

कोकणी_कॉर्नर_थ्री | १४ जुलै

सगळे फ्लॅगवरच तुटून पडलेत. व्हीजे एजकोंब कुणी बघितला का? फिलाडेल्फियाने तिसरा घेतलेला. सॉल्ट लेकला पहिल्याच सामन्यात २८ गुण, १० रिबाउंड. त्याच सामन्यात समोर यूटाचा एस बेली, पाचवा पिक (ड्राफ्टमधली निवड), १३ पैकी ३ आणि ८ गुण. मला तर त्या एका संध्याकाळीच कळलं कोण काय आहे.

नागपाडाकर | १४ जुलै

कॉर्नर थ्री, ट्रे यंगची गोष्ट वर वाचलीत ना? एका संध्याकाळवरच मी फसलो होतो. बेलीचे शॉट चुकले तरी ते घेताना बॉल सुटतो किती उंचीवरून ते बघा. त्याच्यासमोर हात वर करून उपयोग नाही. बेलीबद्दल माझी काळजी वेगळी आहे. बॉल हातात नसताना तो उभा राहतो. बास्केटकडे मोकळ्या जागेत धावत नाही, सोबत्यासाठी स्क्रीन (अंगाचा आडोसा) लावत नाही. ती सवय मोडली तर मोठा होईल.

कोकणी_कॉर्नर_थ्री | १४ जुलै

उभा राहतो हेच तर मीही म्हणतोय! एजकोंब एक सेकंद उभा राहत नाही. दोघांचं शिक्षण वेगळं, मातीच वेगळी.

नागपाडाकर | १४ जुलै

मग आपण भांडतोय कशावर? तुम्ही म्हणता "कळलं", मी म्हणतो "बघूया". एवढाच फरक.

रिमझिम | १४ जुलै

धागाकर्त्या, यांना वेगवेगळ्या बेंचवर बसवा.

वऱ्हाडी_सेंटर | १५ जुलै

मंडळी, मी एनबीए बघतो पण माझा खरा संबंध पोरांशी. नागपुरात २२ वर्षं उन्हाळी शिबिर घेतोय. एप्रिल-मे, सकाळी साडेपाच ते साडेसात, त्यानंतर ऊन उभं राहू देत नाही. साठ-सत्तर पोरं येतात आणि त्यातून जिल्ह्याच्या निवड चाचणीला कुणाला पाठवायचं हे मला पंधरा दिवसांत ठरवावं लागतं. धाग्याचा प्रश्न मला दरवर्षी पडतो.

सुरुवातीची काही वर्षं मी बास्केट मोजायचो. मग एक मुलगी आली, १३ वर्षांची, बारीक, बॉल जड जायचा तिला. चाचणी सामन्यात तिचा एकही शॉट पडला नाही. मी नाव खोडलं. माझ्यासोबत एक वयस्कर कोच यायचे, ते म्हणाले, "उद्या पुन्हा खेळव तिला. बॉल बघू नको. तिचा शॉट चुकला की मनात पाच आकडे मोज आणि तेवढा वेळ फक्त तिला बघ."

मी मोजले. एक: शॉट चुकला. दोन: ती वळली सुद्धा, मान खाली नाही. तीन: बॉल कुणाकडे गेला ते बघत उलट्या पावलांनी मागे. चार: मोकळ्या सुटलेल्या मुलीकडे बोट दाखवून ओरडली, "ताई, उजवीकडे!" पाच: स्वतःच्या माणसावर जाऊन उभी. बाकीची पोरं त्याच पाच आकड्यांत काय करतात? कुणी हात झटकतो, कुणी रिंगकडे बघतो, कुणी पास देणाऱ्याकडे डोळे वटारतो, कुणी बुटाची नाडी बांधतो.

ती मुलगी पुढे चार वर्षं राज्यासाठी खेळली. तेव्हापासून माझ्या वहीत एकच रकाना जास्त आहे, "चुकल्यानंतर".

डंकेश्वर भाऊंनी फ्लॅगच्या त्या ब्लॉकबद्दल लिहिलं ते वाचून अंगावर काटा आला. तेच ते पाच आकडे.

मृण्मयी_सॅन_अँटोनियो | १५ जुलै

वऱ्हाडी सर, हे लेकाला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने लगेच विचारलं, "मी काय करतो?" मला सांगता येईना. या शनिवारी बघणार आहे.

बेंचवरचा_बारावा | १५ जुलै

बातमी: फ्लॅगला डॅलसने बसवलं. दोन सामने झाले, बास. उरलेली समर लीग खेळणार नाही.

कोकणी_कॉर्नर_थ्री | १५ जुलै

हे मला अजिबात पटत नाही. लोक तिकीट काढून येतात. १८ वर्षांचं पोरगं दमलं का दोन सामन्यांत?

डंकेश्वर | १५ जुलै

दमण्याचा प्रश्न नाही. २०२२ मध्ये चेट होमग्रेनचा पहिला समर लीग सामना आठवा, २३ गुण, ६ ब्लॉक, सगळे वेडे झाले होते. ऑगस्टमध्ये सिएटलला एका हौशी सामन्यात लेब्रॉनला अडवताना उजवा पाय दुखावला आणि पूर्ण मोसम गेला. ती समर लीग नव्हती, खरं आहे. पण उन्हाळ्यातल्या बिनमोलाच्या सामन्यांत काय जाऊ शकतं हे त्यानंतर प्रत्येक संघाने मनात कोरून ठेवलंय. दोन सामन्यांत बघायचं ते बघून झालं, मुलगा धडधाकट घरी आला. मी खूष आहे.

रिमझिम | १५ जुलै

अवांतर: २०१९ ला झायन विल्यमसनच्या पहिल्या सामन्यात तर भूकंप झाला होता! कॅलिफोर्नियात ७.१ चा, धक्के वेगासपर्यंत. वरचा स्कोअरबोर्ड झोके घेत होता. चौथ्या क्वार्टरमध्ये सामना थांबवला तो थांबवलाच. मी तो लाइव्ह बघत होते, मला वाटलं कॅमेरावाला पडला.

नागपाडाकर | १५ जुलै

झायनचं वजन आणि त्याचे डंक बघता लोकांनी भूकंपाचं श्रेयही त्यालाच दिलं होतं त्या रात्री.

बेंचवरचा_बारावा | १६ जुलै

मला वेगळ्या बाजूने लिहायचंय. वर सगळी चर्चा पहिला पिक, तिसरा पिक, पाचवा पिक. समर लीगमध्ये जे ड्राफ्टच झाले नाहीत ते बघा. तिथली अर्धी माणसं पोटासाठी धावत असतात.

हिशेब करा. ३० संघ, प्रत्येकी १५ पक्क्या जागा, म्हणजे ४५०. वर प्रत्येक संघाला ३ टू-वे करार, ज्यात पोरगा अर्धा वेळ एनबीएच्या खालच्या जी लीगमध्ये आणि जास्तीत जास्त ५० सामने मुख्य संघासोबत. आधीच्या जागा भरलेल्या असतात, त्यात दरवर्षी साठेक नवे ड्राफ्ट होतात. उरलेल्यांसाठी फटीएवढी जागा राहते. त्या फटीतून आत शिरायला हे दहा दिवस. नाही जमलं तर बॅग भरायची आणि तुर्कस्तान, लिथुआनिया, ऑस्ट्रेलिया, जिथून फोन येईल तिथे.

जेरेमी लिन २०१० मध्ये असाच आला. हार्वर्डचा, कुणी ड्राफ्ट केला नाही, डॅलसच्या समर संघात जागा मिळाली. समोर त्या वर्षीचा पहिला पिक जॉन वॉल. शेवटच्या क्वार्टरमध्ये हा पोरगा वॉलला असा भिडला की प्रेक्षक त्याच्या बाजूने ओरडायला लागले. त्या एका क्वार्टरवर त्याला गोल्डन स्टेटचा करार मिळाला. २०१२ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्ककडून खेळताना तो कसा अचानक स्टार झाला ते सगळ्यांना माहीत आहे. डंकन रॉबिन्सन २०१८ ला मायामीच्या समर संघातून टू-वेवर आला आणि दोन वर्षांत फायनल खेळला.

आता डंकेश्वरांचा तो शेवटचा थ्री पुन्हा आठवा. फ्लॅगने पास दिला, टाकला कुणी? रायन नेंबहार्डने. ड्राफ्टच्या रात्री त्याचं नाव पुकारलं गेलं नव्हतं. सगळं जग पहिल्या पिककडे बघत होतं आणि सामना एका न निवडलेल्या पोराने जिंकून दिला. मी स्वतः कॉलेजच्या संघात तीन वर्षं बारावा होतो. तो थ्री पडला तेव्हा मी एकटाच खोलीत ओरडलो.

पहाटेचा_प्रेक्षक | १६ जुलै

बारावा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी तो सामना दोनदा बघितला आणि दोन्ही वेळा माझी नजर पास देणाऱ्यावरच होती.

स्वाती_पुणे | १६ जुलै

खेळाडूंबरोबर कोचही तिथे पारखले जातात, हे राहिलं. २०१५ मध्ये बेकी हॅमनने स्पर्सच्या समर संघाला वेगासमध्ये विजेतेपद मिळवून दिलं. ते जिंकणारी ती पहिली महिला कोच. तेव्हा मी खेळायची थांबले होते, ती बातमी वाचून शिट्टी पुन्हा गळ्यात घातली आणि शाळेच्या मुलींना शिकवायला लागले. आमच्या पुण्याच्या शिरीन लिमयेने भारताचं कर्णधारपद सांभाळलं, तिचं नाव मुलींना माहीत आहे. हॅमनचं मी सांगते.

सॅक_टाऊन_साठे | १७ जुलै

सॅक्रामेंटोवाला कुणी दिसेना म्हणून आलो! आमच्या संघाचे मालक विवेक रणदिवे, मुंबईत जन्मलेले. आमचे किंग्ज २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये खेळायला आले तेव्हा मी भारतात सुट्टीवर होतो. पहिला सामना पेसर्सनी जादा वेळेत १३२-१३१ असा जिंकला, माझा आवाज तीन दिवस बसला होता.

समर लीगशी भारताचं नातं बरंच किंग्जमार्फत आहे. सिम भुल्लर, टोरांटोचा पंजाबी पोरगा, सात फूट पाच इंच, २०१४ ला आमच्या समर संघात होता. पुढच्या एप्रिलमध्ये तो भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू झाला. २०२१ ला प्रिन्सपाल सिंग आमच्या समर संघात आला, आणि त्या वर्षी आम्ही अंतिम सामन्यात बॉस्टनला १००-६७ असं धुतलं.

कोकणी_कॉर्नर_थ्री | १७ जुलै

आणि सतनाम सिंग! २०१५, डॅलस, ५२ वा. भारतात जन्मलेला पहिला ड्राफ्ट झालेला खेळाडू. समर लीग खेळला, जी लीग खेळला, पण मुख्य मोसमाचं दार काही उघडलं नाही.

वऱ्हाडी_सेंटर | १७ जुलै

सतनामबद्दल थोडं. तो सात फुटांच्या वरचा. त्याच्या वयाला तिकडची पोरं आठवड्याला तीन सामने खेळत मोठी झालेली असतात. आपल्याकडे उंच पोरगा दिसला की त्याला बास्केटखाली उभा करून ठेवतात आणि "वरून टाक" म्हणतात. ड्रिबल शिकवत नाहीत, बाहेर येऊन डिफेन्स शिकवत नाहीत. तोपर्यंत तिकडे खेळ बाहेर सरकला होता, सेंटरही थ्री टाकू लागले होते. मी माझ्या उंच पोरांना आता पहिली दोन वर्षं गार्डमध्ये खेळवतो. पालक भांडायला येतात. किडने फ्लॅगला जे केलं तेच आहे हे.

डंकेश्वर | १७ जुलै

ही सांगड माझ्या डोक्यात आलीच नव्हती. जबरदस्त.

रिमझिम | १८ जुलै

पोर्टलंडचा यांग हॅनसेन बघा कुणीतरी. १६ वा पिक, सात फूट एक इंच, चीनचा. पहिल्या सामन्यात १० गुण, ५ असिस्ट, ३ ब्लॉक. गुण सोडा, पाठीमागे न बघता दिलेले पास बघा. पाय मंद आहेत, नागपाडाकर नापास करतील. पण डोळे!

नागपाडाकर | १८ जुलै

बघितला. पाय खरंच मंद आहेत. पण मी असेच पाय बघून योकिचला नापास केलं होतं आणि तो पुढे एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्यामुळे या वेळी गप्प बसतो आणि तीन वर्षांनी बोलतो.

सॅक_टाऊन_साठे | २१ जुलै

हरलो. शार्लट ८३, सॅक्रामेंटो ७८. अंतिम सामन्याचा मानकरी कॉन कनिपल, चौथा पिक, २१ गुण. वाईट वाटलं, पण पोरगं शहाणं आहे. फ्लॅगसोबत ड्यूक विद्यापीठात खेळलेला, एकही फालतू ड्रिबल नाही. बॉल आला की शॉट, नाहीतर पास, नाहीतर सरळ आत.

आकडेमोडे | २१ जुलै

आणि पूर्ण समर लीगचा सर्वोत्तम? यूटाचा काईल फिलिपोस्की. गेल्या वर्षीच्या ड्राफ्टचा, म्हणजे एक मोसम खेळून आलेला. तीन सामन्यांत सरासरी २९ च्या वर. पेपर आधी सोडवलेला मुलगा! पण मलाही या धाग्याने एक रकाना वाढवायला लावला. पाच आकडे मोजून अंतिम सामना बघितला. पहिल्यांदाच असं झालं की सामना संपला तेव्हा मला कुणाचेच गुण पाठ नव्हते.

मृण्मयी_सॅन_अँटोनियो | २१ जुलै

शनिवारी लेकाचा सामना झाला. शॉट चुकला की तो माझ्याकडे बघतो. गर्दीत मी कुठे आहे ते शोधतो. पाचही आकडे त्यातच जातात. घरी येताना गाडीत मी काहीच बोलले नाही. पुढच्या सामन्याला वरच्या रांगेत, खांबाच्या मागे बसणार आहे.

वऱ्हाडी_सेंटर | २१ जुलै

मृण्मयीताई, बरोबर केलंत. त्याला सांगूही नका कुठे बसलात ते.

काल पाऊस उघडल्यावर गोणपाटाने कोर्ट पुसलं आणि पोरांना फोनवर फ्लॅगचे पहिल्या सामन्यातले चुकलेले शॉट दाखवले. म्हटलं, प्रत्येक शॉटनंतर तो कुठे जातो ते सांगा. आधी हसत होती, "सर, हा तर आमच्यासारखाच चुकतो." चौथ्या-पाचव्या शॉटनंतर शांत झाली. मग खेळायला सोडलं तर अर्ध्या तासात तीन पोरं ओरडून मोजायला लागली, "एक, दोन, तीन..." दुसऱ्याचा शॉट चुकला की!

पहाटेचा_प्रेक्षक | २१ जुलै

सर, मी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कामानिमित्त नागपुरात आहे. सकाळी किती वाजता असता कोर्टवर? लवकर उठायची सवय आहेच.

वऱ्हाडी_सेंटर | २१ जुलै

सहाला या. गोणपाट जास्तीचं आहे.